वाफेचं यंत्र घेतलंत ते ठीक, पण गणपतीआधी सोफ्याला लावू नका

पत्र

ताई, आम्ही ठाण्याला राहतो. हॉलमध्ये एल आकाराचा कापडी सोफा आहे, सहा-सात वर्षांचा. शिवाय आजेसासऱ्यांच्या दोन सागवानी खुर्च्या आहेत, त्यांच्या बैठकीला मरून मखमल आहे. आणि एक रेक्झिनचा रिक्लायनर. मुलगा नऊ वर्षांचा. पावसाळा लागला की त्याला सकाळी शिंका आणि रात्री खोकला. डॉक्टरांनी धुळीची अॅलर्जी सांगितली आहे. त्यात समोरच्या बिऱ्हाडात ढेकूण निघाले, तेव्हापासून सासूबाईंना रोज आमच्याही सोफ्यात काहीतरी हलताना दिसतं. मिस्टरांनी ऑफरमध्ये स्टीम क्लीनर घेतला. गणपतीला आमच्याकडे पंधरा-वीस माणसं असतात, त्याआधी सगळं फर्निचर वाफेने स्वच्छ करायचं ठरवलंय. जाऊबाई म्हणतात, पाण्यात थोडं डेटॉल टाक. एका व्हिडिओत तर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफ काढली होती, मग यंत्र तरी कशाला, असं आता वाटायला लागलंय. नेमकं काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर

कुकरचं आधी उरकते, कारण बाकीच्या चुकांमध्ये फार तर सोफा जाईल, या चुकीत माणूस जाऊ शकतो. कुकरची शिट्टी नुसता आवाज काढायला बसवलेली नसते. तिच्या वजनावर आतला दाब ठरतो. दाब वाढला की ती उचलली जाते, वाफ सोडते आणि परत बसते. ती काढून तिथे नळी खोचायची आणि नळीचं दुसरं तोंड कापडावर दाबून धरायचं, म्हणजे वाफेची एकुलती एक वाट आपल्याच हाताने बंद करायची. मग एक तर नळी निसटून उकळती वाफ हातातोंडावर येते, नाहीतर सेफ्टी व्हाल्व्ह उडतो. असल्या व्हिडिओत सोफा चकचकीत झाल्यावर कॅमेरा बंद होतो, एवढंच लक्षात ठेवा.

जाऊबाईंनाही गोड बोलून नाही म्हणा. टाकीत पाणी सोडून काही घालायचं नाही. डेटॉल, फिनेल, अत्तराचे थेंब, जे घालाल ते वाफेबरोबर खोलीभर पसरतं, आणि ज्या मुलाच्या खोकल्यापायी हा सगळा खटाटोप चाललाय त्याच्याच छातीत जातं. यंत्रातली रबरी सीलं खराब होतात ते वेगळंच. वाफेत उष्णता आहे, ती पुरेशी आहे.

आता तुमच्या मूळ बेताबद्दल. सोफ्याला वाफ द्यायला तासभर लागतो. तो वाळायला अख्खा दिवस लागतो, कधी दोन. आणि भाद्रपदात ठाण्यात तसा दिवस मिळत नाही. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर, दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलसर. तिथे वीतभर जाडीचा फोम कसा वाळणार? ओलं कापड आणि आतला भराव २४ ते ४८ तासांत कोरडा झाला नाही तर बुरशी धरायला लागते. वरून काही दिसत नाही. आठवड्याने कुबट वास यायला लागतो, तेव्हा ती आत पसरलेली असते आणि मग फोम बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर याहून महत्त्वाची गोष्ट आहे. धुळीची अॅलर्जी म्हणतात ती बहुतेक वेळा नुसत्या मातीची नसते. धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट्स नावाच्या किड्यांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचे कण नाकात जातात, त्याने शिंका येतात. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून जगतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांची संख्या उतरते आणि दमटपणा वाढला की फोफावते. म्हणूनच मुलाचा खोकला पावसाळ्यात डोकं वर काढतो. वाफेने हे किडे मरतात, यात शंका नाही. ५५-६० अंशांना ते टिकत नाहीत. पण मेलेले किडे आणि त्यांची घाण सोफ्यातच राहते, आणि अॅलर्जी करायला तेवढं पुरतं. त्यात सोफा ओलसर राहिला तर पुढच्या पिढीची सोय आपणच करून ठेवली. म्हणजे वाफेनंतर वाळवणं आणि वाळल्यावर व्हॅक्यूमने ओढून घेणं, या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर वाफ न दिलेलीच बरी. पावसाळ्यात यातली पहिलीच जमत नाही.

मग गणपतीआधी काय? कोरडी सफाई, पण ती हात राखून नको. मुलाला त्या वेळी घराबाहेर पाठवा, आणि परत आला तरी पुढचे दोनेक तास त्या खोलीत नको, कारण उडालेली बारीक धूळ हवेत बराच वेळ तरंगते. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढा. गाद्या आणि उशा काढा. व्हॅक्यूमचं अरुंद तोंड बैठक आणि पाठ यांच्या मधल्या फटीत घाला. तिथे फुटाण्यांची सालं, पेन्सिलीचे तुकडे, हरवलेलं कानातलं असं बरंच काही निघेल, ते आधी हाताने काढा. मग रुंद ब्रशाने बैठक, पाठ आणि हात, सगळं आधी उभं आणि मग आडवं, आणि सावकाश. ब्रश झाडूसारखा सपासप फिरवला तर वरची धूळ तेवढी निघते. फिल्टर हेपा प्रकारचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा असेल तर उत्तम, नसेल तर पिशवी भरायच्या आधीच रिकामी करा, तीही गॅलरीत, मुलापासून लांब.

व्हिडिओंमधली एक युक्ती मात्र मला आवडते. टॉवेल पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, इतका की मुरगळला तरी थेंब पडू नये, तो कढईच्या सपाट झाकणाला गुंडाळायचा आणि झाकण मुठीने धरून सोफ्यावर एकाच दिशेने फिरवायचं. केस, लव, वरवरची धूळ त्याला चिकटून येते आणि टॉवेल बघता बघता काळा होतो. लोक त्या पाण्यात साबणाचा पेला ओततात, ते करू नका. साबण कापडात राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. काम झालं की पंखा फुल ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर. पाहुणे येतील त्या दिवसांत सोफ्यावर धुतलेल्या जाड सुती चादरी घालून टाका. मोदकाच्या तुपाचे हात कुठे पुसले जातात ते आपल्याला माहीत आहे.

आणि एक स्पष्टच सांगते. मुलगा सोफ्यावर दिवसाला तास-दीड तास बसत असेल, गादीवर आठ-नऊ तास नाक खुपसून झोपतो. त्याच्या उशीला आणि गादीला चेनवाली घट्ट विणीची अॅलर्जी कव्हरं घाला, चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, पलंगावरचं मऊ खेळण्यांचं संमेलन कपाटात हलवा. सोफ्याआधी हे करा. फरक पडला तर इथेच पडेल.

आता एकेक वस्तू घेऊ.

रिक्लायनरला वाफ नाही, कधीच नाही. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. त्यातही तो पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर दमट हवेतच तो हळूहळू सुटत असतो. मुंबई-ठाण्यातल्या सोफ्यांच्या पाठीवर जे पोपडे सुटतात ते त्यामुळेच. वरून गरम वाफ दिली तर जे दोन-तीन वर्षांत व्हायचं ते लवकर होईल. तो मोटरवर चालणारा असेल तर आत वायरी आहेत, तिथे तर विषयच संपला. ओलसर कापड, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मग साध्या पाण्याचं कापड, मग कोरडं. खऱ्या चामड्याचं फर्निचर असतं तरी हेच सांगितलं असतं, चामडं वाफेने आकसतं.

आजेसासऱ्यांच्या खुर्च्यांना तर वाफ लावूच नका. जुनी मखमल बहुधा रेशमी, सुती किंवा व्हिस्कोजची (कृत्रिम रेशमाची) असते. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, लव दबते आणि दबलेली परत उठत नाही. खुर्चीवर नॉझलचे पट्टे कायमचे उमटतात. आत काथ्या असेल तर त्याचा तपकिरी रंग पाण्याबरोबर वर चढतो आणि मरून कापडावर नकाशे काढतो. लाकडाचाही विचार करा. जुन्या सागवानावर लाखेचं पॉलिश असतं, त्याला गरम वाफ लागली की पांढरट धुरकट डाग पडतो. चहाचा गरम कप टेबलावर ठेवल्यावर गोल उमटतो, तोच प्रकार. या खुर्च्या मऊ ब्रशाने लवेच्या दिशेने झाडा, व्हॅक्यूम लावायचा तर नळीच्या तोंडाला जुना पातळ मोजा बांधून कमी जोरावर. पुढे कधी बैठक बदलायची झाली तर एखाद्या जुन्या गादीवाल्याकडे द्या, जो काथ्या आणि निवार अजून हाताळतो. नवा फोम कोंबून देणारे खूप मिळतील.

राहिला एल सोफा. त्याला वाफ चालेल का, हे दसऱ्यापर्यंत शोधून ठेवा, वेळ आहे. गाद्यांच्या खाली, चेनच्या आत किंवा सोफ्याच्या तळाला ठोकलेल्या काळ्या कापडावर लेबल असतं. त्यावर इंग्रजी डब्ल्यू असेल तर पाण्याची सफाई चालते. नुसता एस असेल तर पाणी वर्ज्य, ड्रायक्लीनिंगवाल्याकडचा सॉल्व्हंटच लागतो. दोन्ही अक्षरं असतील तर दोन्ही चालतं. एक्स असेल तर व्हॅक्यूमपलीकडे काही नाही. डब्ल्यू असणाऱ्यालाच वाफ देऊन बघायची, तीही आधी चाचणी घेऊन.

पण आपल्याकडचे निम्मे सोफे कोपऱ्यावरच्या सोफावाल्याने कापड दाखवून बनवलेले असतात, त्यांना लेबल कुठलं? मग धागा जाळून बघा. सोफा उलटा करून आतल्या शिवणीपाशी लोंबणारा धागा कापा, चिमट्यात धरा, सिंकवर उभं राहून काडी लावा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती, लिनन किंवा व्हिस्कोज. वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर असेल तर निम्मी काळजी मिटली, कारण ते पाणी फारसं पीत नाही आणि लवकर वाळतं. सुती किंवा लिनन असेल तर आकसण्याची भीती, शिवाय जास्त ओलं झालं की वाळताना कडेला तपकिरी रेघ उमटण्याचीही. मिश्र कापडात थोडी राख, थोडा मणी असं मिळतं. त्याला सुतीसारखंच जपून वागवा.

यानंतर खरी चाचणी. सोफ्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे राहणारी तळहाताएवढी जागा घ्या. आधी पांढरं ओलं कापड तिथे अर्धा मिनिट घासा. कापडाला रंग लागला तर पुढे जाऊच नका. नाही लागला तर तिथे वाफ द्या, पुसा आणि थेट दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. ओलं असताना सगळं छान दिसतं. आकसणं, रेघ, रंगातला फरक हे वाळल्यावर कळतं. हे न करता लोक थेट पुढच्या बैठकीला यंत्र लावतात आणि मग आम्हाला पत्रं लिहितात.

कापड पास झालं, पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं, की दिवाळीच्या साफसफाईत हे काम घ्या. सकाळी लवकर सुरू करा म्हणजे पूर्ण दिवस वाळायला मिळेल. वर सांगितलं तसं व्हॅक्यूम आधी करायचंच, नाहीतर वाफेने धुळीचा चिखल होतो आणि तो कापडात मुरतो.

डागही वाफेच्या आधी काढायचे. दूध, अंडं, रक्त, उलटी यांना उष्णता लागली की ते धाग्यात शिजून बसतात, म्हणून त्यांना गार पाणी आणि टिपकागद. डोकं टेकायच्या जागी खोबरेल तेलाचा जो काळपट पट्टा असतो त्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉर रात्रभर टाकून ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढा, उरलेल्यावर भांड्यांच्या साबणाचं चमचाभर पाणी बोटाने लावून टिपा. तेलावर थेट वाफ दिली तर पट्टा जाणार नाही, रुंद होईल. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका, अल्कलीने हळद लाल होतेच. गार पाण्याने टिपून घ्या आणि ती गादी गडद रंगाची नसेल तर दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग ऊन खाऊन टाकतं. मांजर-कुत्र्याने कुठे शू केली असेल तर तिथे वाफ बिलकुल नको, वास कायमचा बसेल. त्याला एन्झाइमवालं क्लीनर मिळतं.

यंत्र सोळा अँपियरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. पंधराशे वॉटचं किंवा त्याहून मोठं यंत्र टीव्हीच्या मागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायची वस्तू नाही, त्यातून त्या बोर्डाशेजारी आपण वाफ आणि पाणी घेऊन बसणार. वाफ यायला लागली की पहिले काही फवारे बादलीत सोडा. नळीतली सुरुवातीची वाफ थंड होऊन तिचं पाणी झालेलं असतं, ते थेट सोफ्यावर आलं की गोल डाग पडलाच म्हणून समजा. लोकांना जे ठिपके पडतात ते बहुतेक इथेच पडतात.

आता हाताची पद्धत. नॉझलच्या सपाट तोंडाला पांढरं मायक्रोफायबर कापड घट्ट गुंडाळा, रबर लावून. वाफेचा जोर सगळ्यात कमी ठेवा. उजव्या हाताने नॉझल कापडाला अलगद टेकवून शिवणीपासून शिवणीपर्यंत एक पट्टा ओढायचा, न थांबता. एकाच जागी थांबलात की पाणी फोममध्ये उतरलं. डाव्या हातात कोरडा टॉवेल. नॉझल पुढे सरकला की मागून लगेच टॉवेल दाबून ओल उचलायची. घासायचं नाही, दाबायचं. दुसरा पट्टा पहिल्यावर थोडा चढवून. चार-पाच पट्ट्यांनी नॉझलचं कापड सोडून बघा, करडं-तपकिरी झालेलं असेल. घडी उलटवा, दोन्ही बाजू मळल्या की बदला. मळक्या कापडाने पुढचा भाग पुसण्यात काही अर्थ नाही, म्हणून दहा-बारा कापडं आधीच काढून ठेवा. वाफ मळ सोडवते, उचलायचा तो या कापडांनीच. पायपिंगच्या गोल किनारीखाली मळ दडलेला असतो, तिथे नॉझल काढून बारीक ब्रश लावा, पण हात आणखी हलका, कारण तिथल्या शिवणीतून पाणी सरळ आत जातं. एक बैठक सुरू केली की ती एका दमात पूर्ण करायची; मध्येच फोन घ्यायला उठलात की तिथे रेघ.

हाताने दाबून कापड ओलं लागलं तर तुम्ही जास्त वाफ दिलीत. वाफ दिलेलं कापड दमट आणि कोमट लागायला हवं. जिथे फोम प्लायला चिकटवलेला असतो, हातांच्या कडेला आणि तळाच्या पट्टीला, तिथे तर आणखी हलका हात. सोफावाले चिकटवायला जे सोल्युशन वापरतात ते उष्णतेने सैल पडतं आणि सांगाड्यात पार्टिकल बोर्ड असेल तर तो पाण्याने फुगतो.

मुलाला आणि सासूबाईंना त्या वेळी हॉलमध्ये येऊ देऊ नका. वाफेचा चटका नुसत्या उकळत्या पाण्याहून वाईट असतो, कारण वाफ कातडीवर पाणी होताना आपली सगळी उष्णता तिथे सोडते. हातात मोजे घाला. तरी चटका बसलाच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. टूथपेस्ट, बर्फ, शाई काही नाही.

वाळवण्याबद्दल मी जास्त बोलतेय असं वाटेल, पण सोफे बिघडतात ते इथेच. गाद्या एकमेकींना न चिकटवता उभ्या करा, चेन उघड्या ठेवा म्हणजे आतल्या रेक्रॉनला (पॉलिएस्टरच्या भरावाला) वारा लागेल. चेन आहे म्हणून कव्हर काढून मशिनला टाकायची घाई मात्र नको. ती चेन बहुतेकदा गादी भरण्यासाठी असते, आणि धुतलेलं कव्हर पुन्हा त्याच फोमवर चढेल याची खात्री नसते. पंखा फुल, खिडक्या उघड्या, टेबल फॅन असेल तर तो फटींकडे तोंड करून. कडक उन्हात गडद रंगाचं कापड तासन्‌तास ठेवू नका, उडेल. वाळलं का हे हाताने कळत नाही. कापड वाळतं आणि फोम ओला राहतो. शिवणीवर टिश्यू पेपर ठेवून त्यावर जाडजूड पुस्तक पाच मिनिटं दाबून ठेवा. टिश्यू दमट निघाला तर अजून वेळ आहे. गालाला लावून गार वाटलं तरीही तेच. पूर्ण कोरडं झाल्यावर पुन्हा एकदा व्हॅक्यूम, मेलेले माइट्स यातच निघतात. तोवर त्यावर कुणी बसायचं नाही.

ढेकणांना मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबता येत नाही, त्यामुळे तिथे माझा नियम मोडते. आधी ते आहेत का बघा, सासूबाईंच्या नजरेवर जाऊ नका. सोफा उलटा करा, तळाचं काळं कापड एका बाजूने उचकटा, टॉर्च लावा. शिवणींवर आणि लाकडाच्या सांध्यांत शाईच्या टिंबांसारखे काळे डाग, पांढरी अंडी किंवा त्यांनी टाकलेली कात दिसली तर आहेत. काहीच नसेल तर दर आठवड्याला एकदा बघा आणि गप्प बसा. असतील तर तेवढ्याच शिवणी आणि सांध्यांवर वाफ द्या, भर पावसातही, आणि एसी-पंख्याखाली वाळवा. इथे वेग उलटा: अगदी सावकाश, वीतभर अंतराला सात-आठ सेकंद, कारण ढेकूण आणि त्याची अंडी मरायला ६० अंशांपर्यंत उष्णता पोचायला हवी. जोर कमीच, नाहीतर वाफेच्या झोताने ते उडून पलीकडे जातात. वाफ फोमच्या आत खोलवर पोचत नाही, म्हणून दहा-बारा दिवसांनी उरलेल्या अंड्यांतून निघालेल्यांसाठी पुन्हा एकदा. पलंगातही दिसले तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि समोरच्या बिऱ्हाडालाही त्याच दिवशी करून घ्यायला सांगा, एका घराने हा प्रश्न सुटत नाही. आणि कुणी जुन्या पद्धतीने फटींत रॉकेल सोडायला सुचवलं तर तिथे गरम यंत्र नेण्याचा विचारही करू नका.

हे सगळं वाचून दमला असाल तर सोफा शॅम्पूवाल्यांना बोलवायलाही हरकत नाही, तेही दिवाळीच्या सुमाराला. त्यांना दोनच प्रश्न विचारा: पाणी ओढून घ्यायचं मशीन आणता का, आणि कोपऱ्यात चाचणी घेऊन दाखवता का? फेस करून ब्रशाने घासून फडक्याने पुसणारा असेल तर तुमचे पैसे आणि त्याचं पाणी दोन्ही सोफ्यात जिरणार.

यंत्राची टाकी बोअरच्या पाण्याने भरू नका, क्षारांचा पांढरा थर धरून तोंड बंद होतं. गाळलेलं मऊ पाणी वापरा. पाणी संपलं की टाकीचं झाकण लगेच फिरवायचं नाही. बंद करून, उरलेली वाफ ट्रिगर दाबून सोडून, थंड होऊ द्यायचं आणि मगच उघडायचं. काम झाल्यावर टाकी रिकामी करून उपडी ठेवा. आणि मिस्टरांना वाईट वाटू देऊ नका, त्यांचं यंत्र गणपतीआधीही उपयोगी पडेल: ओट्यामागच्या टाइल्सवरचा फोडणीचा चिकटा, बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या रेघा, नळांचे बुड. तिथे पाणी पडलं तर पडलं. दोन-तीन आठवडे त्यावर हात बसवून घ्या, नॉझल किती सावकाश न्यायचा आणि पाणी कधी थुंकतो ते कळेल. गार खिडकीच्या काचेवर मात्र एकदम वाफ सोडू नका, तडा जातो.